जपानी बचावपटूचा नमस्कार

काल मोबाईलवर एका जपानी फुटबॉल बचावपटूचा शेवटचा सामना पाहिला. त्याची सगळी कारकीर्द समोरच्यांचे गोल अडवण्यात गेली. सामना संपल्यावर तो एकटाच मैदानाच्या कडेला थांबला आणि त्यानं रिकाम्या मैदानाला कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता.

मीही कॉलेजच्या संघात बचावाला खेळतो. दर सामन्यानंतर गावाहून अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन येतो.

"किती गोल मारलास रं?"

"एकबी न्हाई, अप्पा."

"मग गावात सांगू काय?"

ते हसत विचारतात, पण मी ओशाळतो. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यांना चार लोकांत सांगता येईल असं माझ्या हातून काहीतरी व्हावं, असं फार वाटतं. पण अडवलेला गोल कुणाला दाखवायचा कसा?

आज सामन्यानंतर मी त्या नमस्काराचा व्हिडिओ अप्पांना पाठवला. लगेच फोन आला.

"ह्यो मैदानाच्या पाया का पडतोय?"

"जन्मभर गोल अडवलं त्यानं तिथं."



"असं व्हय. मग तू आज किती अडवलंस?"

मी कधी मोजलेच नव्हते. फोन कानाला धरून एकेक आठवू लागलो.