नऊशे ग्रॅम

ज्योतीरामचे वडील चाकणच्या कांदा मार्केटात मापाडी होते. माल काट्यावर चढला की आकडा मोठ्यानं पुकारायचा, एवढंच ते काम. पण मापाड्यानं पुकारलेला आकडा शेतकरीही मानतो आणि व्यापारीही, त्यामुळे गरिबीतसुद्धा घराला एक पत होती. ती पत सोडली तर वडिलांनी मागं फारसं काही ठेवलं नाही. ज्योतीराम हाडापेरानं दांडगा निघाला. सत्ताविसाव्या वर्षी त्याचे दंड लोकांच्या मांड्यांएवढे होते, आणि तरी लग्न जुळत नव्हतं. कारण तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कंत्राटी होता. अकरा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास.

"बुक्क्या मारून काय हुतंय?" आई, मंजुळाबाई, म्हणायची. "कायम झाल्याबिगर आपल्याला पोरगी कोन देनार न्हाई."

बुक्क्या मारूनच कायम व्हायची वाट मात्र निघाली. कंपनीच्या मालकांना बॉक्सिंगचा शौक. जिल्ह्यात हेवीवेटला जो पहिला येईल त्याला खेळाडूंच्या कोट्यातून कायम करायचं, असं त्यांनी जाहीर केलं. जागा एकच. आणि त्या वजनात दम असलेली माणसं दोन, दोघंही त्याच कंपनीतली, दोघंही पिंपळे गुरवच्या पत्र्याच्या शेडमध्ये धम्मरत्न सरांच्या हाताखाली तयार झालेली. एक ज्योतीराम, दुसरा कादर.

कादर औशाकडचा, वेल्डर. बायको साबियासह पिंपळे गुरवलाच एका खोलीत राहायचा. चार वेळा हे दोघं समोरासमोर आले होते. दोनदा हा जिंकला, दोनदा तो. रिंगबाहेर मात्र एकाच कंपनी बसमध्ये शेजारी बसायचे आणि एकमेकांच्या डब्यातलं खायचे.

"भावा, तू कायम झालास तर मला तुझ्या लग्नाला बोलव," कादर म्हणायचा.

"आणि तू झालास तर?"

"तर तुझं लग्न होतंय कुठं?"

ज्योतीराम हसायचा.

हेवीवेटला ब्याण्णव किलोची हद्द. त्याच्यावर एक ग्रॅम चालत नाही. ज्योतीराम नव्वदच्या आसपास असायचा. कादरचं वजन कायम हद्दीवर लोंबकळत असे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शेडमधला काटा बिघडला. कादर म्हणाला, "राव, तुमच्या मार्केटातला काटा पक्का असतो म्हणे. चल की, एकदा बघून येऊ. जास्त भरलं तर संध्याकाळी पळतो, रात्री उपाशी झोपतो."

दोघं मोटरसायकलवर चाकणला आले. दुपारची वेळ, लिलाव उरकलेले. वडिलांच्या जागी आता चुलतभाऊ मापाडी होता, तो जेवायला गेलेला. काटा चालूच होता आणि वर एक ओलसर रिकामी गोणी घडी करून ठेवलेली.

मार्केटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ती गोणी हलवायची नसते. तिच्यासकट काटा शून्यावर आणलेला असतो, म्हणजे बारदानाचं वजन आपोआप वजा होतं. गोणी काढली तर वर जे चढेल ते तेवढंच कमी भरतं. कादरला हे कुठून ठाऊक असणार? त्यानं बूट काढले, स्वच्छ पत्र्यावर उभं राहावं म्हणून पायानं गोणी बाजूला सारली. आकड्यांची खिडकी ज्योतीरामच्या बाजूला होती. तिथं लाल अक्षरांत उजेड पडला : वजा नऊशे ग्रॅम. मग कादर वर चढला.

"किती?"

ज्योतीरामनं आकडा पाहिला. बापानं पुकारला असता तसाच तो मोठ्यानं वाचला.

"एक्क्याण्णव सातशे."

"बसलो की रे," कादर म्हणाला, आणि त्यानं ज्योतीरामच्या पाठीत आनंदानं अशी थाप मारली की जागेवर लाल उठलं.

मी खोटं कुठं बोललो, असं ज्योतीराम परतीच्या वाटेवर स्वतःला सांगत राहिला. दिसलं ते वाचलं.

त्या संध्याकाळी साबियानं पायाचा रस्सा केला होता. उद्या ताकद हवी म्हणून तिनं नवऱ्याला आग्रह करकरून दुसऱ्यांदा वाढलं. वजनात बसलोय म्हटल्यावर तोही पोटभर जेवला, वर तांब्याभर पाणी प्यायला.

सकाळी सात वाजता पंचांच्या काट्यावर कादर त्र्याण्णव किलो शंभर भरला. नऊपर्यंत वजन उतरवून दाखव, नाहीतर बाद, असं पंचांनी सांगितलं. कादरनं अंगावर रेनकोट चढवला, त्यावर दोन स्वेटर, आणि तो मैदानाला चकरा मारू लागला. थुंकी गिळायची नाही म्हणून डब्यात थुंकत होता. अर्ध्या तासानं न्हाव्याला बोलावून डोक्यावरचे केस आणि दाढी उतरवली. ज्योतीराम कट्ट्यावर बसून केळं खात होता. एका चकरेला कादर त्याच्यासमोर थांबला. ओठ पांढरे पडलेले.

"ज्योत्या, तुमच्या काट्यात फरक असेल का रे?"

"सरकारी शिक्का आहे त्याच्यावर."

"मग रात्री जास्तच झालं माझं," असं म्हणून तो पुन्हा पळायला लागला.

नऊला पाच कमी असताना तो एक्क्याण्णव नऊशे भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्योतीरामनंही वाजवल्या.

दुपारी लढत झाली. पहिल्या फेरीतच धम्मरत्न सरांना कळलं की कादरच्या पायात जीव नाही. सर दोघांचेही, म्हणून ते कुणाच्याच कोपऱ्यात बसले नव्हते. खालून ते एकदा म्हणाले, "कादर, सोड, बास कर." कादरनं मान हलवली. जागा एकच होती, हे त्यालाही ठाऊक होतं. ज्योतीरामला वाटलं असतं तर तो लांबून गुणांवर जिंकला असता. पण कंपनीचे साहेब पुढच्या रांगेत होते, आणि गुणांचा निकाल कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यानं आधी बरगड्यांखाली मारलं. वाळलेल्या माणसाचा श्वास तिथंच तुटतो. हात खाली आले की मग डोक्यात. तिसऱ्या फेरीत कादर दोरावर रेलला होता, डोळे उघडे, पण कुठंच न बघणारे. पंच मध्ये पडेपर्यंत ज्योतीरामनं आणखी तीन ठोसे घातले. तिसरा गरजेचा नव्हता.

कादरच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. डावा हात कायमचा थरथरता राहिला आणि शब्द जिभेवर उशिरा यायला लागले.

ज्योतीराम कायम झाला. चौकात त्याचा फ्लेक्स लागला, सहा महिन्यांत तनुजाशी लग्न झालं. मंजुळाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पुढं त्यानं साहेबांकडे शब्द टाकून कादरला कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लावून दिलं, तेव्हा तर सगळे म्हणाले, "दुश्मन असावा तर असा."

त्याला वाटलं होतं, यानं झोप लागेल. झालं उलटंच. रोज सकाळी बस गेटात शिरली की कादर उभा राहून सलाम ठोकायचा आणि नव्या पोरांना थांबवून सांगायचा, "हे... हे आपले चॅम्पियन. मला... यांनी पाडलं." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर ज्योतीरामला सोसला असता. दोन वर्षं त्यानं रोज तो सलाम घेतला. मग एक दिवस सिक्युरिटीच्या साहेबांनी विचारलं, "तुमचा माणूस फार हळू आहे हो, गाड्या खोळंबतात. ब्रेक देतोय, पण परत घ्यायचा का?"

"नका घेऊ," ज्योतीराम म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की साहेबांनीच वर पाहिलं.

पुढच्या रविवारी साबिया घरी आली. तनुजानं तिला आत बसवलं. तिच्या हातात कादरची फाइल होती.

"भाऊजी, ह्यांना परत घेत नाहीत म्हणालेत. तुमचा शब्द चालतो तिथं. एकदा सांगा की."

"बघतो."

ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"चूक माझीच हो. त्या रात्री मी वाढलं नसतं तर आज हे तुमच्यासारखेच कायम असते. ते मला कधी बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तुम्ही तर दोघांना ओळखता. तुम्हीच सांगा, माझंच चुकलं ना?"

तनुजा चहाचा कप हातात घेऊन दारात थांबली होती. ज्योतीरामनं बायकोकडे पाहिलं, मग साबियाच्या हातातल्या फाइलकडे.

"आता उगाळून काय उपयोग, वहिनी," तो म्हणाला. "होते एखाद्याच्या हातून चूक. चहा घ्या."

साबियानं मान हलवली आणि कप घेतला.