इसावा

माझं माहेर तापीच्या काठावर, बुऱ्हाणपूरच्या राजघाटापासून वरच्या अंगाला. केळीच्या बागांमधली थोडीशी घरं. वस्तीचं नाव इसावा.

सासरची माणसं बुऱ्हाणपुरातून लग्नाची बोलणी करायला आली, तेव्हा नवऱ्या मुलाच्या काकांनी सहज नावाचा अर्थ विचारला. विसावाच असणार, वाटसरूंचा, असंही तेच म्हणाले. माझे भाऊ मान डोलावणार, तेवढ्यात वडील बोलले.

"वाटसरूंचा नाही. मयतीचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वरच्या गावांतून मयत स्मशानाकडे नेताना तिरडी इथे खाली टेकवायचे, खांदे बदलायचे. उन्हातून आलेल्या खांदेकऱ्यांना पाणी मिळावं म्हणून माझ्या पणजोबांनी इथे झोपडी घातली. मागून भाऊबंद आले, वस्ती झाली.

काकांनी कप खाली ठेवला. असलं नाव लग्नपत्रिकेवर कसं छापायचं, असं ते म्हणाले. मी दाराआड उभी होते. मोडलं, असंच मला वाटलं.

सासूबाईंनी वडिलांना विचारलं, पाणी अजून देता का? देतो, वडील म्हणाले, घरात जो असेल तो देतो, मुलगीसुद्धा देते. तेव्हा सासूबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"भीती नाही वाटत?"

"लहानपणी वाटायची," मी म्हणाले. "आता पाणी पिणाऱ्या माणसांच्या तोंडाकडे पाहते, मग नाही वाटत."

त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, पत्रिकेत इसावाच छापा."

तसंच छापलं. काका लग्नाला आले नाहीत.

आता मयत गाडीतून जाते, वस्तीपाशी कुणी थांबत नाही. गेल्या वर्षी तिथल्या पोरांनी बैठक घेऊन वस्तीला एका देवाचं नाव दिलं, रस्त्यावर नवा बोर्ड लावला. वडील बैठकीला जाऊन आले. वाईट वाटलं का, असं मी विचारलं.

"नाव आपण कुठे ठेवलं होतं?" ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलं. ते यायचे थांबले."

मी हे घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांना चार दिवस इकडे विसाव्याला घेऊन ये. वडील आले. दोघं संध्याकाळी ओट्यावर बसायची. मोतीबिंदूबद्दल, केळीच्या भावाबद्दल बोलायची. वस्तीचा विषय दोघांनीही काढला नाही.