पिल्लाला ऐकू गेलं नसेल

फर्स्ट शिफ्ट सुटली की साडेतीनच्या सुमारास मी कुरुळीच्या घरी पोचतो. तेव्हा माझ्यात चहा पिण्यापुरताच जीव उरलेला असतो. एकोणतीस वर्षं झाली, महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये उभा आहे. पत्रा डायवर ठेवायचा, प्रेस खाली येते, पायाखालची जमीन हादरते, पार्ट काढायचा, पुन्हा पत्रा. गुडघे कामातून गेलेत, उजवा कान त्याआधीच गेला. अशा माणसाच्या घरात कुणी मांजराचं पिल्लू आणावं का? पण मुलीने आणलं. ती हिंजवडीत नोकरी करते. तिच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये ते एका गाडीच्या बॉनेटमध्ये अडकून बसलं होतं. दोघातिघांनी मिळून ते बाहेर काढलं आणि ही बाई कंपनीच्या कॅबमधून, ट्रॅफिकमध्ये दोन तास, मांडीवर घेऊन आली.

राखाडी, मूठभर पिल्लू. घरात सोडलं तसं पलंगाखाली गेलं, ते थेट गव्हाच्या डब्यामागे. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओढून काढू नका, एक खोकं द्या, वापरातला जुना कपडा द्या, आपण होऊन येईल. आणि खरंच, बायकोसमोर ते थोडंफार खायला लागलं, दूध-भाकरी नाही, पण मुलीने आणलेलं खाणं. मुलगी घरून काम करायची त्या दिवशी तर तिच्या पायाशी येऊन बसायचं. मी घरात आलो की सगळं बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बस पकडायला बाहेर पडेपर्यंत तोंडात घास घेत नव्हतं.

चार दिवसांनी वजन केलं तर कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान जिवाला असं उपाशी राहणं झेपणार नाही. मुलीने मला न विचारताच ठरवून टाकलं की रविवारी ते ऑफिसातल्या मैत्रिणीला द्यायचं, ती एकटी राहते, घर शांत आहे. मी म्हटलं, दे. पण मला ते द्यायचं नव्हतं. मला ते पिल्लू हवं होतं. दमून आल्यावर घरात कुणीतरी असावं, ज्याला आपल्याकडून काही दुरुस्त करून नकोय, असं वाटायला लागलं होतं.

म्हणून त्या दुपारी मी गुडघ्यांना शिव्या घालत फरशीवर आडवा झालो आणि हाक मारली, “ये रे बाळा.” पिल्लाने कान मागे पाडले. आमच्या शॉपमध्ये माणसाने वर पाहिलं नाही तर त्याचा अर्थ एकच, ऐकू गेलं नसेल. मग पुन्हा म्हणायचं, जरा मोठ्याने. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या हाकेला पिल्लाने जागच्या जागी शू केली.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ते काय पलीकडच्या मशीनवर हाय का? किती वरडताय!”

“मी ओरडत नाहीये. बोलतोय.”

“व्हय, आन् तुमचं बोलणं नाक्यावरच्या वडापाववाल्याला ऐकू जातंय.”

मला राग आला. दिवसभर मरमर करून आलेल्या माणसाला हे ऐकवायचं? दुसऱ्या दिवशी मुलीने फोनवर काहीतरी रेकॉर्ड केलेलं लावलं आणि माझ्या डाव्या कानाशी धरलं. कुणीतरी कुणाशी तरी कडाक्याचं भांडत होतं. मी विचारलं, कोण हा? मग शब्द लागले. तो मीच होतो आणि विचारत होतो, चहा झाला का.

आधी मी हसलो. मग हसू आलं नाही.

त्या दिवसापासून घरात तोंड बंद. भिंतीला पाठ टेकून, पिल्लाकडे न बघता, नुसता बसून राहायचो. बोलायचंच झालं तर शॉपमधल्या खुणा. आम्ही तिथे अर्धं बोलणं हातांनीच करतो. तळहात खाली दाबला की प्रेस थांबली आहे, ये. बायकोला खुणेने चहा मागितला तर ती म्हणाली, “आता मुकंच झालात व्हय!” पण चहा आणून दिला. पहिल्या दिवशी डब्यामागे नुसते डोळे दिसले. दुसऱ्या दिवशी बसल्याबसल्या माझाच डोळा लागला. शनिवारी ते बाहेर आलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर वाटीत तोंड घातलं. खाण्याचा आवाज येईना, म्हणून मी हळूच डावा कान तिकडे केला.

मुलगी येऊन माझ्याशेजारी फरशीवर बसली.

“नाही देत उद्या,” ती म्हणाली. आणि मग, “पप्पा, मी पण असंच करायचे.”

मी मानेनेच विचारलं, काय?

“तुमची चाहूल लागली की पुस्तक उघडून बसायचे. अभ्यास नसला तरी. पुस्तक समोर असलं की तुम्ही बोलायचा नाहीत.”

कंपनीच्या बसमध्ये किती वर्षं मी छाती फुगवून सांगत आलो होतो की मी घरात पाऊल टाकलं की पोरगी अभ्यासाला बसलेली असते. तिच्यावर कधी हात उचलला नाही. शाळेत काय झालं, जेवलीस का, एवढंच तर विचारायचो. ती उत्तर द्यायची नाही. मला वाटायचं, ऐकू गेलं नसेल.

मी माफी मागितली.

“काय?” ती म्हणाली. इतकं हळू बोललो होतो की तिला ऐकूच आलं नाही.

मग पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. पिल्लू वाटी सोडून पलंगाखाली पळालं. मुलगी मात्र बसून राहिली.