शेवटचा हात कुणाचा?

पावसकर सरांची आणि माझी ओळख एका प्रश्नाने झाली, आणि त्या प्रश्नाचा मला चांगलाच राग आला होता. रत्नागिरीच्या आमच्या महाविद्यालयात मी नुकतीच कंत्राटी अध्यापिका म्हणून रुजू झाले होते. एफपीजीए म्हणजे आपल्याला हवं ते सर्किट ज्यात उतरवता येतं अशी चिप. तिच्या कोणत्या पिनेवर कोणती तार, हे संगणकावर नेमून द्यावं लागतं. मी ते काम संपवून चिपच्या बोर्डाला वीज देणार, तोच सरांनी विचारलं, "पिनांवर शेवटचा हात कुणाचा?" मला वाटलं, हे आतापासूनच आरोपी शोधताहेत.

ही प्रयोगशाळा सरांनी उभी केली. विद्यार्थी कितीही अडला तरी त्याच्या हातातला माउस ते घेत नाहीत. शेजारी बसून पडद्यावरचं वाचून दाखवतात. भाषण मात्र कंटाळवाणं करतात, हे त्यांच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातही नमूद व्हायला हवं.

पूर्णगडच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी आम्ही अमोनिया गळतीचा इशारा देणारी यंत्रणा केली होती. कारखान्यातल्या चाचणीला प्राचार्यही आले होते. माझ्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. भोंगा वाजलाच नाही.

कारखान्याचे मालक प्राचार्यांना म्हणाले, "ह्या पोरीच्या भरवशावर आमची माणसं आत ठेवायची काय? वायू सुटला तर कुणाला कळायचा पण नाय."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. काम माझ्या नावावर होतं.

"शेवटचा हात माझा आहे," सर म्हणाले. "बाईंनी बरोबर केलं होतं. काल निघताना भोंग्याची पिन मी बदलली. माझा अंदाज चुकला."

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि त्यांना विचारण्याची माझी काय प्राज्ञा होती? मग त्यांनी मलाच संगणकापुढे बसवलं आणि स्वतः बोर्डावरचे आकडे वाचत उभे राहिले. पिन जागेवर आली, भोंगा वाजला. सरांनी तिथल्या कामगारांची हात जोडून माफी मागितली.

परतताना मी म्हटलं, "सर, एवढं सगळ्यांसमोर कशाला सांगितलंत?"

"आळ सगळ्यांसमोरच आला होता ना? मग उतरायलाही तिथेच हवा."

माझं कंत्राट वाढलं, पुढे मी कायमही झाले. त्या दिवसाचे उपकार मी विसरलेले नाही. आज वीज देण्याआधी तोच प्रश्न मी मुलांना विचारते, आणि ती न बिचकता आपलं नाव सांगतात.

सर आता साठ वर्षांचे होऊन निवृत्त होत आहेत. त्यांचे डोळे, गुडघे आणि तो खडा आवाज उदंड वर्षं शाबूत राहोत. प्रयोगशाळेची किल्ली ते माझ्याकडे देणार आहेत. सर, किल्ली मी घेईन. पण या खोलीवर शेवटचा हात कुणाचा, असं कुणी विचारलं, तर सरांचा, आणि तो अजून फिरायचा आहे, असंच मी सांगणार.