शंभराला बासष्ट

माझे दाजी ह्राइर तोपालियान हे जुगारी होते, हे मी माझ्या शाळेत कुणाला कधी सांगितलं नाही. बैरूतला लागून असलेल्या बूर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीत चपला-बुटांचं चामडं कापायचं त्यांचं दुकान होतं. पण खरी कमाई रविवारची, बैरूतच्या रेसकोर्सवरची. माझी मोठी बहीण अझनिव्ह लग्नानंतर वर्षभर रडली, मग थांबली. कारण घरात कधी काही कमी पडलं नाही.

दाजींची शिस्त माझ्यापेक्षा कडक होती. जिंकलेल्या पैशाचे तीन भाग. एक भाग खेळायचा, तो वेगळ्या डब्यात. त्या डब्यातले पैसे संपले, तर महिना-महिना घोड्याकडे बघायचंही नाही. उरलेले दोन भाग दुकानात कापायच्या टेबलाखाली, जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत. नोटांना दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून दर पावसाळी महिन्यात ते त्या बाहेर काढून, पावडर लावून, नव्या कागदात गुंडाळायचे.

शेजारच्या सोनाराकडे चोरी झाली तेव्हा, त्यांना पैसे बँकेत ठेवायला सांग म्हणून, अझनिव्हनं मला बोलावून घेतलं. मी शिक्षक, माझा शब्द घरात चालायचा. मीच दाजींना माझ्या बँकेत घेऊन गेलो. त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. वाटेत एवढंच म्हणाले, "मास्तर, माझा पैसा कुठे आहे हे मला हातानं चाचपता आलं पाहिजे." मी हसलो होतो. दहा वर्षांत त्यांचे चौऱ्याऐंशी हजार डॉलर तिथे जमले. माझेही एकतीस हजार होते, आयुष्यभराच्या पगारातले.

मग दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात सरकारविरुद्ध आंदोलन झालं आणि बँका बंद झाल्या. दोन आठवड्यांनी उघडल्या तेव्हा आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. आठवड्याला दोनशे डॉलर, त्याहून जास्त कुणालाच नाही. मी सरळ मॅनेजरच्या खोलीत शिरलो. मॅनेजर नाझारेत हा माझाच जुना विद्यार्थी, सातवीत माझ्यासमोर बसणारा. त्यानं उठून खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, पैसे सुरक्षित आहेत. फक्त देता येत नाहीत."

मी ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तरी मला ते कळेना. दाजी दाराशी उभे राहून माझ्याकडे नाही, नाझारेतच्या चेहऱ्याकडे बघत होते. शर्यतीआधी रिंगणात फिरवतात तेव्हा घोडा बघावा तसे.

घरी अझनिव्हनं हे ऐकलं. हातातला कांदा तसाच धरून बसली. बँकेचा हट्ट तिचाच होता आणि मार्ग माझा. दाजींनी आम्हाला दोघांनाही त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. ते जास्त लागलं.

जानेवारीत त्यांनी मला सांगितलं की ते चेक विकणार आहेत. तेव्हा असे दलाल निघाले होते. बँकेचा चेक घ्यायचे, तो बँकेचं कर्ज फेडायचं असलेल्यांना विकायचे आणि आपल्या हातात रोख ठेवायचे, शंभराच्या चेकला बासष्ट. मी अक्षरशः ओरडलो. बत्तीस हजार डॉलर असे फेकून द्यायचे? बँक म्हणजे काय रस्त्यावरचा बुकी आहे?

"बुकी असता तर संध्याकाळी पैसे दिले असते," दाजी म्हणाले. "मास्तर, चेहरा बघितलात ना त्या पोराचा? ही शर्यत हरलीय. हरलेल्या घोड्यावरून अजून बासष्ट मिळतायत, तोवर उतरा."

मी उतरलो नाही. सोबत मात्र गेलो, कारण अझनिव्हनं त्यांना एकटं जाऊ दिलं नसतं. कापडाच्या दुकानावरची खोली होती. दलालाच्या यंत्रातून नोटा फरफर निघत होत्या. दाजींनी तरी प्रत्येक गड्डी हातानं पाहिली आणि जुन्या छपाईच्या, निळी पट्टी नसलेल्या पांढऱ्या नोटा परत केल्या, कारण त्या पुढे कुणी पूर्ण भावानं घेत नाही. बावन्न हजार ऐंशी. चामड्याच्या तुकड्यांखाली पिशवीत घालून आम्ही भरदिवसा पायी घरी आलो. मी दर दहा पावलांनी मागे वळून बघत होतो. ते वाटेत थांबून मोलभाव करून संत्री घेत होते.

गल्लीतले लोक त्यांना वेडा म्हणाले. उन्हाळ्यापर्यंत भाव तीसवर आला.

दोन वर्षांनी अझनिव्हच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. इस्पितळानं आधी रोख डॉलर मागितले. मी माझ्या बँकेचा चेक दाखवल्यावर खिडकीतली बाई नुसतीच हसली. दाजी बाहेर गेले आणि तासाभरात परत आले. चौदा हजार, खाकी कागदात. मी खिडकीपाशी उभा होतो. बँकेत माझे एकतीस हजार होते आणि बहिणीसाठी माझ्या खिशात टॅक्सीचे पैसे होते. जुगाऱ्याच्या पैशावर तिला आत नेलं. तीस वर्षं ज्या माणसाची मला लाज वाटली, त्याच्या शेजारी बसून मी ते दार बंद होताना पाहिलं.

ती वाचली. आठवड्यानं उठून बसली आणि सूप अळणी आहे म्हणून कुरकुरली.

त्या दिवशी मी दाजींना म्हटलं, आता मलाही चेक विकायचाय. भाव चौदा होता. त्यांनी टोमणा मारला नाही. "चौदा तर चौदा. उद्या बारा असतील," म्हणाले. मला चार दिवस सही करवेना. पाचव्या दिवशी त्याच खोलीत मला चार हजार तीनशे चाळीस डॉलर मिळाले. पाकीट इतकं पातळ होतं की मी दोनदा उघडून पाहिलं.

जिना उतरताना मी म्हणालो, "हे मी घरी पुस्तकांच्या कपाटात..."

दाजींनी माझ्या तोंडासमोर हात धरला. "मलासुद्धा सांगायचं नाही, मास्तर."