ऑपरेटर मॅडमचा अर्ज

कोणी दया दाखवली की ऑपरेटर मॅडमना ती लगेच कळायची आणि अजिबात चालायची नाही. बीडच्या आमच्या कार्यालयात त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसत. जन्मांध. तेलगावच्या शेतमजुराची मुलगी, अंधशाळेत शिकून नोकरीला लागलेली. जिना उतरताना कोणी दंड धरला तर म्हणत, "सोडा. लागलं तर मी धरीन तुमाला."

नव्वदीच्या मध्यावर त्यांच्या जुन्या शाळेकडून एक अर्ज आला. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात इतर विद्यार्थ्यांबरोबर राहून अपंगांनी वर्षभर संगणक शिकायचा. पडद्यावरचं वाचून दाखवणारा, बोलणारा संगणक. खर्च महाविद्यालयाचाच. मी टंकलेखनाला होते, म्हणून अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. त्यात एक प्रश्न होता : तुम्हाला आमच्याकडून कोणती मदत लागेल?

मॅडमनी तो प्रश्न मला पुन्हा वाचायला लावला. "आसं कुणी इचारलंच न्हाई कदी." मग म्हणाल्या, "लिहा, रस्ता एकदा दाखवा. नंतर मागं मागं फिरू नका."

मला ते उद्धट वाटलं. अशानं संधी जाईल, असंही वाटलं. मी इंग्रजीत लिहिलं, की सर्व कामांत सोबतीची गरज आहे, आपली ऋणी राहीन. वाचून दाखवताना मात्र त्यांचंच वाक्य म्हटलं.

निवड झाली. वडील म्हणाले, "एकटी कशापायी जातीस?"

"दोघांना बोलावलं न्हाई म्हणून," म्हणाल्या आणि बिनपगारी रजा टाकून गेल्या.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. रोमन अक्षरांत मराठी, स्वतः टाइप केलेलं. 'ताई, इथं एक बाई माझ्यासंगं न्हाणीघराच्या दारापर्यंत यायची. मी भांडले, तवा तिनं माझाच अर्ज मला वाचून दाखवला. आता येत न्हाई. मी एकटी बसनं फिरते. तुमी चांगल्यासाठी केलं आसल, पण माझ्या नावानं केलं.'

मी उत्तर लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. तेही त्यांना दुसऱ्याच कोणीतरी वाचून दाखवणार होतं.

त्या परतल्या तोवर बोर्डाच्या जागी आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं होतं. त्यांना आवक-जावकमध्ये खुर्ची मिळाली, काम मिळालं नाही. मी माफी मागितली. "झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "आता मी सांगते तसं टाइप करा. जसंच्या तसं." कार्यालयातल्या संगणकाला आवाज बसवून द्या, एवढीच मागणी. असे तीन अर्ज मी टाइप केले. साहेब म्हणाले, "मॅडम, आराम करा ना. पगार तर चालूच आहे."

वर्षभरानं त्यांनी राजीनामा दिला. औरंगाबादला अंध मुलींच्या शाळेत संगणक शिकवायला निघाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांच्या जिद्दीवर भाषण केलं. मग त्या उठल्या.

"साहेब, तिथल्या पोरी मला इचारतील, शिकून नोकरी लागल्यावर काम देतेत का? काय सांगू?"

साहेबांनी शिपायाला चहाची खूण केली. त्या उत्तरासाठी चांगल्या मिनिटभर उभ्या राहिल्या. मग खाली बसून त्यांनी चहा घेतला, आणि आम्हीही.