गाडीची खांदेमळणी

रबराला तेल, तूप किंवा तत्सम काहीही लावू नये. हे मी प्रथमच नमूद करतो, कारण आमच्या घरात ते वेळेवर सांगायचे राहून गेले.

निवृत्तीनंतर मी एक मोटारहोम घेतले. जुनेच. टेम्पो ट्रॅव्हलरमधली आसने काढून आत दोन अंथरुणे, एक शेगडी आणि छोटीशी मोरी बसवलेली. राहात्यातल्या आमच्या गल्लीत ते पांढरेशुभ्र वाहन उभे राहिले, त्या दिवशी फिरता दवाखाना समजून दोन बायका डोळे तपासायला आल्या. मी त्यांना परत पाठवले. तिसरी ऐकेना. तिला मी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. नजर उत्तम होती. तसे सांगितल्यावर ती समाधानाने गेली.

गाडी घेतली ती पत्नीला भंडारदऱ्याला नेण्यासाठी. मी शिक्षक होतो. प्रत्येक सुटीत निवडणूक, जनगणना किंवा पेपर तपासणी निघे, आणि एकाच जिल्ह्यात राहून तिचा भंडारदरा पाहायचा राहिला. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि खिडकीच्या कडेच्या रबरावर बोट फिरवले. बोट काळे झाले.

"ह्याचा भुगा झालाय. पाणी येणार आत," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. एक थेंब जरी पडला ना, मी एसटीने परत. तुम्ही राहा तुमच्या डब्यात."

ती बोलते ते करते. मी कामाला लागलो.

खिडक्या, दार आणि छतावरची झडप, या सर्वांच्या कडेने रबराची पट्टी असते. पाणी अडवणे हे तिचे काम. ती उन्हाने वाळते, तिच्यावर पांढुरकी पूड धरते आणि खाचेत माती बसते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, एवढेच साहित्य लागते. मी जुना दाताचा ब्रश घेतला आणि एका खिडकीला एक सकाळ या हिशेबाने बसलो. शेजारी रोज कुंपणावर हात ठेवून पाहत असे. तो पूर्वी माझा विद्यार्थी होता. गणितात कच्चा.

"गुरुजी, गाडीचे दात घासताय का?"

"हो."

"झाले का घासून?"

"चूळ राहिली आहे," मी म्हणालो आणि बादली ओतली. थोडे पाणी त्याच्यावर गेले. ते अपेक्षित होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले. पोळ्याच्या आदल्या दिवशी पारनेरकडून माझा मेहुणा आला. हा पत्नीचा धाकटा भाऊ. शेतकरी. त्याची बैलजोडी विकून बरीच वर्षे झाली. आता ट्रॅक्टर आहे. तोवर सर्व रबर स्वच्छ होऊन वाळले होते. आता त्यावर सिलिकॉनचे रबर-रक्षक लावायचे होते. ते आणायला मी बाजारात निघालो आणि मेहुण्याला म्हणालो, "कडा कोरड्या आहेत. मी आल्यावर मळून घेऊ."

ही माझी चूक. पोळ्याच्या आदल्या दिवशी पारनेरच्या शेतकऱ्यासमोर मळण्याचा विषय काढू नये. त्या दिवशी बैलांच्या जुवाने घासलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. त्याला खांदेमळणी म्हणतात.

तासाभराने परतलो. गाडीच्या प्रत्येक खिडकीची कड पिवळी होती. दोन्ही आरशांना गोंडे बांधले होते. मेहुणा छतावरून उतरत होता. त्याचे हात कोपरापर्यंत तुपाने माखलेले. पत्नी निरांजन घेऊन बोनेटसमोर उभी होती.

"हे काय?" मी विचारले.

"दाजी, लई कोरडे पडले हुते खांदे," मेहुणा म्हणाला. "बघा आता कसं मऊ झालंय! घरचं तूप हाय."

"रबर तुपाने फुगते."

"फुगू द्या की. बैलाचा खांदाबी फुगतोच. ट्रॅक्टरला कुठं खांदा हाय? किती वर्सं झाली, हाताला हळद न्हाई लागली."

मी पत्नीकडे पाहिले. ती निरांजनाची वात सारखी करू लागली.

"बैलांना देतात तसं उद्या जेवायचं आवतणसुद्धा दिलंय गाडीला," ती म्हणाली. "आता रागावू नका, सणाचं."

मी रागावलो नाही. ब्रश घेतला. दुपारपर्यंत पुढच्या काचेवर मुंग्यांची रांग लागली होती आणि शेजाऱ्याची कालवड दाराची कड चाटत होती. तिला हाकलून मी साबणाचे पाणी मारले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला ठाऊक होते. आठवले मात्र नंतर. सर्व खिडक्यांच्या कडेने पांढऱ्या पत्र्यावर लाल ओघळ आले.

शेजारी कुंपणाशी आला. बराच वेळ पाहत राहिला.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "हिरड्यांतून रक्त यायला लागलं की!"

मी बादली भरायला गेलो.

दोन दिवस मी आणि मेहुणा घासत होतो. मध्येच पोळा झाला. गाडीसमोर पुरणपोळीचे ताट ठेवले गेले. नंतर ते मेहुण्याने जेवले. रबर वाळवून रक्षक चोळले, छतावर बादल्या ओतून पाहिल्या. आत थेंब आला नाही. पत्नीने पिशवी भरली.

भंडारदऱ्याचा पाऊस मात्र बादलीसारखा ओतून संपत नाही. धरणाच्या वर रस्त्याकडेला गाडी लावली आणि दुपारी तो सुरू झाला. ती तिच्या अंथरुणावर बसून खिडकीतून पाणी पाहत होती. बोलत नव्हती. मी तिला इतका वेळ गप्प कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात माझ्या अंथरुणावर एक थेंब पडला.

झडपेच्या रबराचा एक कोपरा तुपाने फुगून उचलला गेला होता. नियमाप्रमाणे मी तिला सांगायला हवे होते. खालच्या रस्त्याने अजून एक एसटी जायची होती. मी सरकून त्या थेंबावर बसलो. पुढचा माझ्या टकलावर पडला. मी टोपी घातली.

"आत टोपी कशाला?" तिने मान न वळवता विचारले.

"गारठा आहे."

"इकडे या ना, इथून धरण छान दिसतंय."

"येथूनही दिसते." तेथून फक्त शेगडी दिसत होती.

एक तास मी ताठ बसून राहिलो. टोपी जड झाली. पाणी कानामागून मानेवर आणि तेथून पाठीत उतरू लागले. शेवटी खालच्या वळणावर एसटीचा भोंगा वाजला. लाल गाडी पावसातून आली आणि गेली.

"हीच शेवटची होती का?" पत्नीने विचारले.

"होय."

"नक्की?"

"नक्की."

"मग ती टोपी काढा आणि पिळा एकदाची," ती म्हणाली. "केव्हापासून काचेत बघतेय. सर्दी झाली तर उद्या तुम्हालाच एसटीत बसवीन."

मी उठलो. तिने माझ्या जागी पातेले ठेवले आणि मला स्वतःच्या अंथरुणावर, खिडकीशी जागा करून दिली.